वेळास अभ्याससहल : सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, मार्चअखेरच्या वेळास (ता. मंडणगड, जि. रत्नागिरी) सहलीची पूर्वतयारी बैठक येत्या रविवारी सकाळी १० वाजता परभणी येथील आपल्या नेहमीच्या वाचनालयात होईल. नाव नोंदविलेल्या प्रत्येकाने उपस्थित राहणे बंधनकारक आहे.

वेळासचे कासव संवर्धन गावकऱ्यांच्या बळावर उभे आहे, हे ध्यानात ठेवूनच तेथे जावे. ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी किनाऱ्यावरील कुंपणात, वाळूत पुरून राखली जातात. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले वर आली की घरट्यावरची टोपली उचलून त्यांना सकाळ-संध्याकाळ समुद्राकडे सोडले जाते. याउलट, मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले खरे, पण स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला. लोकांना सोबत न घेता आखलेली हद्द टिकवणे किती अवघड असते, हाच बैठकीतील चर्चेचा मुख्य विषय राहील.

सहलीत पुढील नियम काटेकोर पाळावेत :

- पिल्लांना हात लावू नये व दोरीच्या आत जाऊ नये. फ्लॅश आणि टॉर्च पूर्णपणे बंद ठेवावेत, कारण पिल्ले उजेडाकडे वळतात आणि भरकटतात.
- मुक्काम व जेवण गावातील घरांतच होईल. पैसे थेट त्या कुटुंबाला द्यावेत.
- प्रवाळ विकत घेऊ नये, तो गुन्हा आहे.

गंगाखेडच्या घाटावरून गोदावरीत गेलेले प्लास्टिक पुढे बंगालच्या उपसागराकडेच वाहते. त्यामुळे घाटसफाईचा प्रस्तावही बैठकीत मांडला जाईल. येणे शक्य नसल्यास शुक्रवारपर्यंत सचिवांना कळवावे.