पॅनमनला पासपोर्ट मिळतो, कागद मिळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'प्रशिक्षक व्हा, पगारासह जग पाहा' अशा धाटणीचा लेख आला होता. पुतणीनं तो मला व्हॉट्सअॅपवर पाठवला आणि खाली लिहिलं, 'काका, हे तर तुमचंच!' लेख दोनदा वाचला. त्यात चांगलं इंग्रजी, लॅपटॉप, आत्मविश्वास आणि टूरिस्ट व्हिसा एवढ्या भांडवलावर माणूस जगभर शिकवत फिरू शकतो, असं म्हटलंय. मी वाळवा तालुक्यातला, साखर कारखान्यातून चीफ केमिस्ट म्हणून निवृत्त झालेला माणूस. नोकरीत असताना पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की साठवलेली रजा काढून, आणि निवृत्तीनंतर राजरोस, मी बाहेरच्या देशांतल्या कारखान्यांत पॅनवर, म्हणजे साखर शिजवायच्या बंद भांड्यावर, काम करणाऱ्या पॅनमनना शिकवायला जातो. तेव्हा चार गोष्टी लिहिणं भाग आहे.

पहिली म्हणजे, ऊस नेईल तेवढंच जग मी पाहिलंय. कारखाना विमानतळाशेजारी नसतो, उसाशेजारी असतो. पॅरिस, लंडन माझ्या वाट्याला आलं नाही. आलं ते इथिओपियातलं वोंजी, युगांडातलं जिंजा, फिजीतलं लाउटोका आणि बा, आणि मॉरिशसचा उसानं भरलेला दक्षिण भाग. उतरलो की पांढरी गाडी, कुठे अर्धा तास तर कुठे दोन-तीन तास रस्ता, मग कारखान्याचं गेस्ट हाऊस आणि खिडकीतून येणारा मळीचा वास. पहिल्या रात्री घरच्यासारखी झोप लागते ती त्या वासामुळेच.

आपल्याकडे गळीत हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत आटोपतो. फिजी आणि मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली, तिथे मोळी पडते, म्हणजे गाळप सुरू होतं, जूनमध्ये आणि ते चालतं नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत. युगांडा तर विषुववृत्तावरच, तिथे ऊस जवळजवळ बारा महिने तुटतो. म्हणजे आपले लोक घरी बसलेले असतात तेव्हा तिकडे बॉयलर पेटलेले असतात. हा मेळ कुणी मुद्दाम बसवलेला नाही, पण आमच्या धंद्याला तो पथ्यावर पडलाय. त्याची किंमतही आहे. मी माळकरी. जूनमध्ये फिजी नाहीतर मॉरिशस गाठायचं म्हणजे आषाढीची वारी बुडते. लाउटोकात कृष्णाचं मोठं मंदिर आहे, एकादशीला तिथे जाऊन बसतो. घरून फोन येतो, पालखी अमुक मुक्कामी आहे. पुरवणीतल्या लेखात या खर्चाचा रकाना नव्हता.

माळकऱ्याच्या पोटाचं काय, हे लोक हमखास विचारतात. सगळ्यात सोय झाली ती इथिओपियात. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी आणि शुक्रवारी उपास धरतात. त्यात मांस, अंडी, दूध काही चालत नाही, त्यामुळे त्या दिवशी साध्यातल्या साध्या खानावळीतही इंजेराच्या मोठ्या घडीवर डाळी, कोबी, बीट, पालेभाज्या मांडून मिळतात. टेफ नावाच्या बारीक धान्याची ती आंबवलेली पोळी पहिल्या दिवशी तोंडात फिरते, आठवड्यानं आवडायला लागते. कांदा-लसूण मात्र सोडून द्यावा लागला, म्हणजे नियम सोडून द्यावा लागला. फिजीत पोचल्या दिवशी लाकडी परातीत यांगोना, म्हणजे तिथलं मुळीच्या पुडीचं पेय, कालवून पुढे आलं. अर्धी करवंटी भरून देतात. एक टाळी वाजवायची, एका दमात प्यायचं, मग तीन टाळ्या. दारू नाही ना, हे मी आधी विचारून घेतलं. नव्हती. चव गढूळ पाण्यासारखी, आणि जीभ काही वेळ बधीर. त्यानंतरच तिथले लोक माझ्याशी कामाचं बोलायला लागले, हे खरं.

इथिओपियात दिवस सूर्योदयाबरोबर सुरू होतो, घड्याळही तसंच. आपले सकाळचे आठ म्हणजे त्यांचे दोन. साल आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे. मी 2016 च्या उन्हाळ्यात तिथे होतो तेव्हा कामगारांच्या वह्यांवर 2008 होतं. आमच्या कारखान्यातली चार-बारा, बारा-आठ, आठ-चार ही पाळी अंगात भिनलेली. तिथे वर्गाची वेळ फळ्यावर दोन्ही घड्याळांत लिहायची, हा माझा पहिला पाठ. वोंजीचा जुना कारखाना डचांच्या कंपनीनं 1954 मध्ये सुरू केला होता. इंडोनेशियातले मळे हातचे जायला लागल्यावर ते लोक आफ्रिकेत आले. पुढे भारतानं इथिओपियाच्या साखर उद्योगासाठी 64 कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं आणि आपली यंत्रं, आपले फिटर, आपले केमिस्ट तिकडे जायला लागले. माझ्यासारख्याला कुणी विद्वान म्हणून बोलावलेलं नाही, हे यातून लक्षात यावं. मी यंत्रांमागून गेलेला माणूस.

आता शिकवायचं काय ते सांगतो, कारण लेखात त्याबद्दल एक अक्षर नाही. साखरेचा दाणा तयार होतो तो पॅनमध्ये. पॅनमधली हवा ओढून घेतलेली असते, त्यामुळे सिरप 65-70 अंशांच्या आसपासच उकळतं आणि जळत नाही. बी टाकून दाणा बसवायचा, मग सिरप देत देत तो वाढवायचा. दाणे आणि पाक मिळून जो दाट लगदा होतो त्याला आम्ही मॅसेक्विट म्हणतो. हल्ली मीटर आहेत, स्क्रीन आहेत, तरी पॅनमन प्रूफ स्टिक, म्हणजे नमुना काढायची दांडी, ओढतो, नमुना काचेच्या पट्टीवर घेतो, दिव्यासमोर धरून दाणा बघतो आणि अंगठा-तर्जनीत ओढून तार बघतो. आपल्या घरात लाडवाला एकतारी की दोनतारी पाक बघतात, अगदी तसं. फरक एवढाच की इथे चुकलं तर साठ टनांचा पाक हातचा जातो. हे पॉवरपॉइंटवर शिकवता येत नाही. मी पहिले दोन दिवस नुसता पॅनफ्लोअरवर स्टूल टाकून बसतो. तिथल्या माणसांना पुष्कळ येत असतं, ते आधी बघून घ्यावं लागतं.

युगांडातल्या एका कारखान्यात संध्याकाळच्या पाळीत एका पॅनला बारीक दाणा उठला. म्हणजे जो दाणा वाढवायचा तो राहिला बाजूला आणि नको तिथे धुळीसारखा नवा दाणा तयार झाला. तो तसाच पुढे गेला तर सेंट्रिफ्यूगलच्या, म्हणजे दाणा आणि मळी वेगळी करणाऱ्या यंत्राच्या, जाळ्या बुजतात, मळी सुटत नाही. हे कुठेही होतं, आपल्याकडेही होतं. पाणी द्यायचं हे मला ठाऊक होतं, पण किती आणि कधी थांबायचं, हा हाताचा हिशेब. मी आमच्या अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. अण्णा म्हणजे आमच्या कारखान्यातले पॅनमन, तीस-पस्तीस हंगाम पॅनवर काढलेले, शाळा आठवीत सुटलेली. आपलं घड्याळ तिथल्यापेक्षा अडीच तास पुढे. अण्णा जेवून ओट्यावर बसले होते. मी काचेची पट्टी दिव्यासमोर धरली.

"साहेब, मोबाईल हलवू नका की जरा," अण्णा म्हणाले. "हां. आता त्या पोराला सांगा, तार ओढून दाखव म्हणावं."

तिथल्या पॅनमननं तार ओढली.

"व्हॅक्यूम दोन इंच उतरवा. पाणी मारा, पण भडाभडा नको. दाण्याच्या मधला पाक काचेसारखा दिसला की बंद करा. पाण्याला मोठा दाणा खाऊ देऊ नका."

पंधरा-वीस मिनिटांत पाक निवळला. अण्णा तोवर फोनवरच होते, मधेच घरात कुणालातरी म्हशीचं विचारत होते. फोन ठेवल्यावर तो युगांडाचा पॅनमन मला म्हणाला, हे कोण? मी म्हणालो, मला पॅन शिकवणारे. त्यावर तो म्हणाला, मग ते का नाही आले?

संपादक महोदय, माझं सगळं पत्र या प्रश्नासाठी आहे.

अण्णा आले नाहीत कारण त्यांच्याकडे कागद नाही. माझ्याकडे बी.एस्सी. आहे, शुगर टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा आहे. कामाचा परवाना मागताना ते जोडता येतं. अण्णांकडे अंगठा आणि तर्जनी आहे. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर बहुतेकदा ईसीआर असतं, म्हणजे ठरावीक देशांत नोकरीला जायचं तर सरकारची वेगळी मंजुरी लागते. त्या यादीत थायलंड, इंडोनेशिया, सुदान अशी साखरेचीच नावं आहेत. हा नियम गरीब माणसाची फसवणूक होऊ नये म्हणून आहे आणि तो असावा, माझं त्याबद्दल म्हणणं नाही. जिथे तो लागू नाही तिथेही परवान्याच्या अर्जात 'शैक्षणिक पात्रता' हा रकाना असतोच, आणि पॅनमन तिथेच अडतो.

आमचे किती पॅनमन, मिल फिटर, सेंट्रिफ्यूगलवाले हंगामी आहेत, हे आपल्या भागातल्या वाचकांना सांगायला नको. पट्टा पडला की रिटेन्शनवर, म्हणजे बिगरहंगामी भत्त्यावर, घरी. कुणी शेतात, कुणी टेम्पोवर. नेमकं त्याच महिन्यांत फिजी आणि मॉरिशसच्या पॅनवर जाणत्या माणसांची गरज असते. फिजीत तर भाषेचीही अडचण नाही. 1879 ते 1916 या काळात करारावर 60 हजारांहून जास्त माणसं भारतातून तिकडे ऊस लावायला नेली. त्यांची नातवंडं-पतवंडं आजही घरात हिंदी बोलतात. आपली सांगलीकडची मोडकीतोडकी हिंदी त्यांना छान समजते. बा गावच्या एका ऊस उत्पादकानं मला विचारलं, तुमच्याकडे शेतकरीच कारखान्याचे मालक असतात म्हणतात, खरं का? मी त्यांना प्रवरेच्या सहकारी कारखान्यापासून सांगितलं, विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ, सभासद, शेअर, चेअरमनची निवडणूक. त्यांच्याकडे जमीनही बहुतेक भाडेपट्ट्याची, पट्टा संपला की पुढे काय ही चिंता. ते ऐकतच राहिले. निवडणुकीचं मी जरा आवरतं घेतलं.

मॉरिशसला गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी असते आणि तो ऐन गाळपाचा काळ. तिथल्या मराठी घरांत मला आरतीला बोलावलं होतं. घरात क्रिओल बोलणारी पोरं 'सुखकर्ता दुखकर्ता' न अडखळता म्हणत होती. अण्णांना तिथे नेलं असतं तर त्यांनी पखवाज मागितला असता.

लेखात टूरिस्ट व्हिसावर शिकवायला जा असं सुचवलंय, ते कृपा करून पुढच्या अंकात दुरुस्त करा. शिकवणं हे काम आहे. फिरायच्या व्हिसावर काम करताना सापडलात तर परत पाठवतात आणि पुढचा दरवाजा बंद होतो. एका मध्यस्थानं आमच्या ओळखीच्या फिटरला असंच पाठवलं, परतीचं तिकीट घरच्यांना काढावं लागलं. युगांडा, केनिया, इथिओपियाला जायचं तर पिवळ्या तापाची लस निघण्याच्या निदान दहा दिवस आधी घ्या आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टसोबतच ठेवा. ते नसेल तर परतताना आपल्याच विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. करारात परतीचं तिकीट, दवाखाना आणि गेस्ट हाऊसचं जेवण कोण देणार हे लिहून घ्या. मुंबईच्या जेवणाच्या भत्त्यात लाउटोकात टोमॅटोसुद्धा जपून खावे लागतात.

आता मागणी. काम करत शिकलेल्या माणसाचं कौशल्य तपासून प्रमाणपत्र द्यायची सोय केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत 2015 पासून आहे. पुण्याजवळ मांजरी गावात वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसारखी संस्था आपल्या दारात आहे. सहकारी कारखान्यांनी आणि संस्थेनं मिळून पॅनमन, मिल फिटर, बॉयलर अटेंडंट यांची परीक्षा घ्यावी आणि परदेशातल्या कारखान्याला समजेल असा इंग्रजी दाखला द्यावा. परीक्षा मराठीत आणि तोंडी हवी, आणि ती हॉलमध्ये नको, पॅनफ्लोअरवर हवी: काचेची पट्टी हातात द्या आणि विचारा, या दाण्याचं पुढे काय करशील. पॅन चालू असल्याशिवाय ही परीक्षा होत नाही, म्हणून ती हंगाम संपायच्या आत, जानेवारी-फेब्रुवारीत उरकायला हवी. म्हणजे जूनच्या विमानासाठी एप्रिलमध्ये अर्ज करता येईल. यंदाच्या बॉयलर अग्निप्रदीपनाला आमच्या भागातले चेअरमन भाषणं करतील, त्यांनी यावर दोन मिनिटं बोलावं. मी परीक्षक म्हणून बिनपैशाचा यायला तयार आहे. आषाढीसाठी यंदा मी फिजीला नाही म्हणून कळवलंय.

आपला नम्र,
एक निवृत्त चीफ केमिस्ट
ता. वाळवा, जि. सांगली