टोमॅटोची पर्स आणि तिच्यामागची कारागीर

प्रिय वसुधा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. चमचमत्या खड्यांनी मढवलेल्या टोमॅटोच्या आकाराच्या पर्सचे छायाचित्र पाहून तुझ्या वर्गातल्या मुली खूप हसल्या आणि "यात मोबाइलसुद्धा मावणार नाही, मग हिला पर्स कशाला म्हणायचे?" असे एकीने विचारले, हे वाचून मौज वाटली. प्रश्न रास्त आहे. ती पर्स घडवणारी जुडिथ लीबर स्वतःच म्हणत असे की संध्याकाळी समारंभाला निघालेल्या बाईला लिपस्टिक, रुमाल आणि शंभर डॉलरची एक नोट एवढे पुरते. पण त्या टोमॅटोवरून ही बाई नुसती हौशी किंवा छांदिष्ट असेल असे तुझ्या मुलींना वाटत असेल, तर हे काम ती शिकाऊ म्हणून कशी शिकली, ते त्यांना सांगायला हवे. पर्स करण्यातले एकेक काम तिला स्वतःच्या हाताने येत होते, म्हणूनच तिला थट्टा परवडली, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिचा जन्म 1921 सालचा, बुडापेस्टमधल्या सुखवस्तू ज्यू कुटुंबातला. माहेरचे आडनाव पेटो. मुलीने सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यात पडावे म्हणून घरच्यांनी तिला 1938 मध्ये रसायनशास्त्र शिकायला लंडनला पाठवले. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले, घरी परतलेली ती हंगेरीतच राहिली आणि विद्यापीठाचा विषय संपला. मग ती बुडापेस्टच्या पेसल नावाच्या हँडबॅग कंपनीत शिकाऊ उमेदवार म्हणून लागली. तिथे पहिली कामे कोणती, तर जमीन झाडणे आणि सरस शिजवणे. त्यानंतर पॅटर्न काढणे, चामडे कापणे, त्याच्या कडा तासून पातळ करणे, जोडणे, शिवणे अशा पायऱ्या चढत ती पुढे गेली आणि हंगेरीतल्या हँडबॅग कारागिरांच्या संघात प्रवेश मिळवणारी पहिली स्त्री ठरली. ज्यूंवर संकट कोसळले तेव्हा स्वित्झर्लंडच्या संरक्षणाखाली असलेल्या एका घरात या कुटुंबाला आसरा मिळाला. पुढे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या बंद मोहल्ल्यातही दिवस काढावे लागले आणि 1945 च्या जानेवारीत सुटका झाली. तिच्यावर लिहिणारे बरेच जण हा भाग दोन ओळींत उरकतात आणि सरळ न्यूयॉर्कच्या झगमगाटाकडे वळतात, ते मला खटकते.

गर्सन लीबर हा अमेरिकन सैन्यातला रेडिओ ऑपरेटर तिला बुडापेस्टमध्येच भेटला. 1946 मध्ये लग्न झाले आणि 1947 मध्ये दोघे न्यूयॉर्कला आले. तिथल्या कारखान्यांत एकजण कापणार, दुसरा शिवणार, तिसरा फ्रेम बसवणार अशी कामाची वाटणी असे. अख्खी पर्स आरंभापासून शेवटपर्यंत एकटीने करणारी ही हंगेरियन मुलगी तिथे नवलाचीच होती. नेटी रोझेनस्टाइन या फॅशन डिझायनर बाईंकडे तिने अनेक वर्षे नोकरी केली. 1953 मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या शपथविधीच्या समारंभासाठी त्यांच्या पत्नी मेमी यांनी खडे जडवलेला गुलाबी पोशाख घातला होता; त्याला साजेशी पर्स जुडिथने केली, पण नाव अर्थातच मालकिणीचे झाले. स्वतःच्या नावाचा धंदा उभा राहायला 1963 साल उजाडले. हिशेब आणि व्यवहार गर्सनने सांभाळला. तो स्वतः चित्रकार होता, हे विशेष.

आता खड्यांची गोष्ट. 1967 मध्ये तिने इटलीहून सोन्याचा मुलामा दिलेल्या धातूच्या पर्स मागवल्या होत्या. माल आला तो खराब: मुलाम्यावर हिरवट डाग पडलेले. दुसऱ्या कुणी तो परत पाठवून भांडण मांडले असते. जुडिथने डागाळलेला भाग चमकत्या खड्यांनी झाकून टाकला, आणि त्यातून तिची ओळख बनलेली पर्स जन्माला आली. याला काही लोक योगायोग म्हणतात. मला ते अर्धेच पटते, कारण धातूवर खडा कुठे टिकेल, कडेला कुठे सुटेल आणि झाकण उघडताना बोट कुठे लागेल हे ज्याला कळते, त्यालाच असे झाकणे सुचते.

पुढे मांजरे, डुकरे, पेंग्विन, शतावरीच्या कोंबांची जुडी, कलिंगडाची फोड असे काय काय त्या कारखान्यातून निघाले! आधी मेणाचा नमुना घडवायचा, त्यावरून धातूचे कवच करायचे, त्याला मुलामा द्यायचा, मग पृष्ठभागावर रंगांची आखणी करून एकेक खडा हाताने चिकटवायचा. एका पर्सवर असे हजारो खडे आणि त्यासाठी कित्येक दिवसांचे काम. टोमॅटोचा देठाकडचा फुगीर भाग घेतलास तर तुझ्या लक्षात येईल की तिथे खड्यांच्या ओळी सरळ जाऊच शकत नाहीत. वळणाबरोबर लहानमोठे खडे निवडून ओळ वळवावी लागते, नाहीतर मधली चीर लगेच डोळ्यांत भरते. तुझ्या मुलींना मिळेल तर उघडलेल्या पर्सचे छायाचित्रही दाखव. आत मऊ चामड्याचे अस्तर असते आणि सोबत छोटा आरसा, चिल्लर ठेवायचा बटवा आणि गोंडा लावलेला कंगवा. बाहेरून थट्टा, पण आत सगळा कारभार शिस्तीचा.

तिचे सगळेच मला आवडते असे नाही. काही पर्स भडक आहेत, आणि राष्ट्राध्यक्षांच्या बायकांनी आपल्या लाडक्या प्राण्यांच्या आकाराच्या पर्स मिरवाव्यात (बार्बरा बुश यांची कुत्री मिली, हिलरी क्लिंटन यांचा बोका सॉक्स) हे जरा अतीच झाले. पण तिने चामड्याच्या आणि कापडाच्या साध्या पर्सही तितक्याच मन लावून केल्या, त्यांच्याकडे कुणी बघत नाही याचेच मला वाईट वाटते.

1993 मध्ये कंपनी विकली गेली आणि 1998 मध्ये ती निवृत्त झाली. 28 एप्रिल 2018 रोजी काही तासांच्या अंतराने नवरा-बायको दोघेही गेले. लग्नाला बहात्तर वर्षे झाली होती. त्याआधी 2005 मध्ये लाँग आयलंडवरच्या स्प्रिंग्ज या गावी आपल्या घराशेजारी त्यांनी एक छोटे संग्रहालय उघडले होते, त्यात त्याची चित्रे आणि तिच्या पर्स एकत्र मांडल्या होत्या. धंदा करताना तिने नमुने जपून ठेवलेच नव्हते, त्यामुळे संग्रहालयासाठी आपल्याच पर्स लिलावांतून पैसे मोजून परत घेण्याची पाळी तिच्यावर आली.

घरी सर्वांना नमस्कार सांग.

तुझी,
वृंदा