पायथन शिकवताना फाइलही शिकवा

महोदय,
पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवताना बेरीज-वजाबाकीचे प्रोग्राम भरपूर करून घेतले जातात. फाइल वाचणे, लिहिणे आणि जतन करणे मात्र अनेकदा शेवटच्या तासाला उरकले जाते, हे योग्य नाही. फाइल उघडणाऱ्या ‘ओपन’ या आज्ञेला ‘डब्ल्यू’ हे अक्षर दिले की आधीची फाइल, नवी ओळ लिहिण्यापूर्वीच, रिकामी होते आणि पायथन त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. जुन्या मजकुराखाली भर घालायची असल्यास ‘ए’, आणि त्याच नावाची फाइल असताना थांबायचे असल्यास ‘एक्स’ वापरावे लागते. मराठी मजकुरासाठी तर ‘यूटीएफ-८’ हे एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे साठवण्याची पद्धत, स्पष्ट लिहावे, अन्यथा विंडोजवर ‘ज्ञानेश्वर’ एवढे नाव साठवतानाही प्रोग्राम अडू शकतो. परीक्षेत यावर निदान एक प्रात्यक्षिक सक्तीचे असावे.

– एक संगणक शिक्षक