उद्यमनगरातल्या एसीवाल्या मामांस

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

नाव छापलं तर तुम्ही चिडाल, म्हणून ‘कोल्हापूरचे, उद्यमनगरातले एसीवाले मामा’ एवढ्यावरच थांबतो. ओळखणारे ओळखतील.

भंगारातल्या एसी कंप्रेसरवर तुम्ही जीपमध्येच चाकांत हवा भरायची सोय करून दिलीत. तिच्यावर अख्खा पावसाळा निघाला. गगनबावड्याकडच्या ओल्या जांभ्यावर शिरताना चाकं १८ पीएसआयवर उतरवायची, डांबरीवर आलं की परत ३०. आधीचा लायटरच्या सॉकेटवरचा पंप दोन चाकांत तापून बसायचा. काम जमलं म्हणून आभार आहेतच, पण तुम्ही जे करू दिलं नाहीत त्याचे जास्त आहेत.

सुरुवात भंगाराच्या दुकानातच झाली. टोटल लॉस गाडीच्या एसीत अजून गॅस होता. भंगारवाला नळीला पाना लावणार, तोच तुम्ही त्याचा हात धरलात. एसीतला हा गॅस, आर-१३४ए, हवेत सोडला तर शंभर वर्षांच्या हिशेबात तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजार पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो. शिवाय अंगावर उडाला तर कातडी गोठते. तुम्ही रिकव्हरी मशीन मागवलंत, गॅस बाटलीत घेतलात आणि मगच नटाला हात लावू दिलात.

खरी गोष्ट ऑइलची. कंप्रेसर निघाला सँडेन कंपनीचा ५०८, पाच पिस्टनचा, एका फेऱ्यात १३८ घन सेंमी हवा ओढणारा. १५०० फेऱ्यांना कागदावर मिनिटाला २०० लिटरच्या वर. मी त्या आकड्यावरच खूश होतो. तुम्ही विचारलंत, “आन् ऑइल कुठनं येणार?” एसीत ऑइल गॅसबरोबर फिरतं आणि परत कंप्रेसरमध्ये येतं. उघड्या हवेवर चालवला की ते हवेबरोबर निघून जातं, परत येत नाही, आणि मग कोरडा कंप्रेसर जाम होतो. जुन्या यॉर्क कंपनीच्या कंप्रेसरला खाली स्वतःची ऑइलची टाकी असायची, म्हणून लोक तो शोधत फिरतात. आपल्याकडे तो नव्हता. मग तुम्ही हवा ओढायच्या तोंडाशी फिल्टर आणि थेंबाथेंबानं ऑइल सोडणारा लुब्रिकेटर लावलात, बाहेरच्या बाजूला ऑइल सेपरेटर. नाहीतर ते ऑइल टायरच्या रबरात जाऊन बसलं असतं. आतलं मूळचं पॅग ऑइल (एसीसाठीचं कृत्रिम तेल) ओतून टाकलंत, कारण ते हवेतलं पाणी शोषतं, आणि आपल्याकडच्या जून-जुलैत हवेला पाण्याची काय कमी! त्याजागी साधं कंप्रेसर ऑइल.

टाकीसाठी एक मित्र जुना गॅस सिलिंडर घेऊन आला होता, त्याला निपल वेल्ड करू म्हणत. तुम्ही त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलंत ती मला अजून आठवते. तुम्ही ट्रकच्या एअर ब्रेकची टाकी घ्यायला लावलीत, आणि तीही आधी पाण्यानं भरून दाबाखाली तपासलीत. पाणी दाबलं जात नाही, म्हणून टाकी फाटली तरी गळून थांबते. हवेनं फाटली तर पत्रा उडतो. शेजारच्या गाळ्यातला पोरगा लिकेज बघायला वेल्डिंगचा ऑक्सिजन घेऊन आला, तेव्हा मात्र तुम्ही ओरडलात. ऑइल लागलेल्या जागी दाबाखालचा ऑक्सिजन गेला तर ठिणगीचीही गरज नसते. तपासणी नायट्रोजनवर आणि साबणाच्या फेसावर झाली.

बाकी मग सरळ होतं. गरम हवा निघते तिथे रबराऐवजी जाळीची टेफ्लॉन नळी, टाकीआधी उलटी हवा अडवणारा व्हॉल्व्ह, प्रेशर स्विच ८५ पीएसआयला कंप्रेसरचा क्लच धरतो, ११० ला सोडतो. तो अडकलाच तर १३० ला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो. खालच्या कॉकमधून पाणी नियमानं काढतो, निघतंही भरपूर.

तक्रार एकच. थंड इंजिनवर बेल्ट ओरडतो. ब्रॅकेट एक वॉशरभर बाहेर घ्यावा लागेल असं मला वाटतं, पण तुम्ही बघितल्याशिवाय हात लावत नाही. आणि त्या ब्रॅकेटच्या लेथकामाचे पैसे तुम्ही बिलात धरलेच नाहीत. सोमवारी येतो तेव्हा घ्यावे लागतील, आधीच सांगून ठेवतो.

आपला,
हिरव्या जीपवाला