आमच्या घरातील गैरसमज दूर करणाऱ्या श्रवणतज्ज्ञ मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आपण वयाने माझ्या मुलीपेक्षाही लहान आहात, त्यामुळे रीतीप्रमाणे पत्राची सुरुवात आशीर्वादाने व्हायला हवी होती. परंतु आमच्या घरासाठी आपण जे केले ते पाहता नमस्कारच योग्य वाटला. हे पत्र आपल्याला खासगीतही पाठवता आले असते. ते उघडपणे लिहिण्याचे कारण असे, की इचलकरंजीसारख्या यंत्रमागांच्या गावात आमच्यासारखी घरे गल्लोगल्ली आहेत आणि तेथे ऐकू कमी येण्यातून जे घडते त्याला ‘म्हातारपणाचा हट्ट’ असे नाव देऊन लोक अजूनही मोकळे होतात.

माझे यजमान यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग जुळवणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर, होते. विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये या गावात पहिला यंत्रमाग सुरू केला, तेव्हापासून येथील कित्येक पिढ्यांचे पोट धोट्याच्या खडखडाटावर चालत आले आहे. माग चालू असताना शेडमध्ये बोलणे व्हायचे ते खाणाखुणांनी आणि ओठांच्या हालचालींवरून. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे; जुन्या मागांच्या शेडमधील आवाज ती सहज ओलांडतो, आणि त्या काळी कानात बोळे घालणारा कामगार थट्टेचाच विषय व्हायचा. कान बिघडवण्याचे उरलेसुरले काम पुढे वयाने केले.

आमची खरी अडचण यजमानांना ऐकू येत नाही ही नव्हती, तर त्यांना काही ऐकू येते आणि काही येत नाही, ही होती. सून समोरून “बाबा, पान वाढू का?” असे विचारायची, तेव्हा ते वर्तमानपत्रातून मान वर करीत नसत, मुलाने मात्र बाहेरच्या खोलीतून हाक मारली की लगेच ओ देत. “बाबांना सोयीचे तेवढेच ऐकू येते,” हे वाक्य आमच्या घरात इतके रुळले होते, की पाहुण्यांसमोरही ते हसत हसत बोलले जाई. सून हसत नसे. लग्न होऊन इतकी वर्षे झाली तरी सासरे आपल्याला मोजत नाहीत, हा सल तिने कधी बोलून दाखवला नाही, पण तो मला दिसत होता. यजमानांच्या बाजूने पाहावे, तर मुलगा आणि सून हळू आवाजात बोलत बसले की यांना वाटे, घराच्या वाटणीचे काहीतरी शिजते आहे. वास्तविक तेथे नातीच्या फीचा हिशेब चाललेला असे.

मी या सगळ्यांच्या मध्ये दुभाषी होते. दिवसभर एकाचे बोलणे दुसऱ्याला मोठ्याने सांगत राहिले, की बोलण्यातील मार्दव आपोआप निघून जाते. “सांभाळून जा” हे शब्दही ओरडून सांगितले, की ऐकणाऱ्याला ते रागावल्यासारखेच वाटतात. नवरा-बायकोचे उतारवयातील बोलणे बहुतेक बिनकामाचे असते आणि त्यातच सुख असते. आमच्याकडे कामाचे तेवढे बोलणे उरले होते. मधल्या काळात एका दुकानातून, कसलीही तपासणी न करता, कानाचे मशीन आणून झाले होते. ते सगळेच आवाज सरसकट मोठे करी, त्यामुळे आठवडाभरात ते कपाटात गेले आणि ‘मशीनचा काही उपयोग नसतो’ हे मत तेवढे घरात राहिले.

अशा अवस्थेत आम्ही कोल्हापूरला आपल्याकडे आलो. आपण मशीनचा विषयच काढला नाहीत. आधी कानात मळ आहे का ते पाहिलेत, कान-नाक-घसा तज्ज्ञांचे मत घेऊन या म्हणालात, आणि त्यानंतर बंद खोलीत शांतपणे तपासणी केलीत. मग कोणत्या पट्टीतील आवाज किती ऐकू येतो ते दाखवणारा आलेख माझ्यासमोर ठेवलात. मी प्राथमिक शाळेत आयुष्यभर मुळाक्षरे शिकवली, त्यामुळे आपले बोलणे मला चटकन उमगले. जड, खालच्या पट्टीतील आवाज यजमानांना बऱ्यापैकी ऐकू येत होते. वरच्या पट्टीकडे रेघ घसरत जाऊन ४००० हर्ट्झपाशी खड्ड्यात उतरली होती. स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो. स, श, फ, त, च ही अक्षरे मात्र वरच्या पट्टीतील क्षीण आवाजांवर ओळखली जातात. म्हणून आवाज पोहोचतो आणि शब्द पोहोचत नाही. मुलाचा आवाज जड, सुनेचा बारीक आणि मुळातच हळू. “यात हट्ट नाही आणि दुजाभावही नाही,” एवढेच आपण म्हणालात, आणि पुढच्या वेळी सगळ्या घराला घेऊन येण्यास सांगितलेत.

त्या दिवशी आपण सुनेचेच एक वाक्य ध्वनिमुद्रित केलेत, संगणकावर आलेखाप्रमाणे त्यातील वरचे आवाज उतरवलेत आणि हेडफोन मुलाच्या कानांवर ठेवलात. त्याने कपाळाला आठ्या घालून ऐकले, “पुन्हा लावा” म्हणाला, आणि शेवटी विचारले, “ही कुठली भाषा आहे?” वाक्य होते, “बाबा, चहा ठेवलाय, गार होईल.” सून तेथे काही बोलली नाही, परंतु परतीच्या एसटीत तिने सासऱ्यांच्या शेजारची जागा धरली. (पंचाहत्तरी ओलांडल्यामुळे यजमानांचा प्रवास फुकट आणि आम्हा दोघींचे अर्धे तिकीट, वय वाढल्याचे जे थोडे रोख फायदे आहेत, त्यांतील हा एक. सुनेला तो वय न वाढताच मिळतो, हे यजमानांनी त्याच प्रवासात बोलून दाखवले.)

आपण सांगितलेल्या गोष्टी साध्या होत्या. आधी नावाने हाक मारावी, समोर येऊन बोलावे, बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड असावा, मिक्सर किंवा टीव्ही चालू असताना महत्त्वाचे काही सांगू नये, आणि एखादे वाक्य कळले नाही तर तेच ओरडून न सांगता वेगळ्या शब्दांत सांगावे. ओरडल्याने आवाज वाढतो, पण अक्षरे स्पष्ट होत नाहीत, हे आम्हाला तोवर कोणीही सांगितले नव्हते.

मशीन चष्म्यासारखे पहिल्या दिवसापासून काम देत नाही, मेंदूला विसरलेले आवाज नव्याने ओळखावे लागतात, हेही आपण नवे मशीन देण्याआधीच बजावले होते. तरीही पहिले काही आठवडे कठीण गेले. नळाची धार, वर्तमानपत्राची पाने, स्वतःच्या चावण्याचा आवाज, सगळेच यजमानांच्या अंगावर येई. ज्यांच्यासाठी आम्ही वर्षानुवर्षे घसा फोडला, तेच गृहस्थ आता “भांडी किती आपटता!” म्हणून तक्रार करू लागले. सेल बदलण्याचे काम नातीने स्वतःकडे घेतले आहे. ती बटणाएवढ्या सेलवरचा नारिंगी कागद सोलते, सेल तळहातावर ठेवून साठ अंक मोजते आणि मगच आजोबांना देते. सेलला आधी हवा लागू द्यावी लागते, हे आपण तिला सांगितलेले तिने शास्त्रासारखे पाळले आहे. त्या साठ अंकांत दोघांच्या शाळेतल्या गप्पा होतात.

सगळे पूर्ववत झाले असे मी लिहिणार नाही. कानातील मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. मंगल कार्यालयात वाजंत्री सुरू झाली की यजमान मशीन काढून खिशात ठेवतात आणि पंगतीत नुसते हसत बसतात. पण म्हातारपणाच्या इतर दुखण्यांपेक्षा हे दुखणे वेगळे आहे, हे मला आपल्यामुळे कळले. गुडघा दुखला तर तो ज्याचा त्याला दुखतो. कान गेले की भांडण सगळ्या घराचे होते आणि दोष स्वभावाच्या नावावर मांडला जातो. आपण तो दोष सासऱ्यांच्या नावावरून काढलात आणि सुनेच्या नावावरही टाकला नाहीत. सासू म्हणून मला या दुसऱ्या गोष्टीचे मोल अधिक वाटते.

यजमानांच्या जुन्या सोबत्यांना आपण ज्येष्ठांसाठीच्या सरकारी वयोश्री योजनांची माहिती दिलीत, त्याबद्दलही आभार. राज्याच्या योजनेतून ६५ वर्षांपुढील पात्र ज्येष्ठांना एकदा मिळणाऱ्या ३,००० रुपयांत चांगले मशीन येत नाही, हे खरे आहे. तरी त्या निमित्ताने त्यांतील काहीजण तपासणीपर्यंत आले.

पुढील तपासणीला आमच्या गल्लीतील एक निवृत्त जॉबर आमच्यासोबत येणार आहेत. ते एकटेच येतो म्हणत होते. त्यांच्या सुनेलाही घेऊन या, असे मी त्यांना निक्षून सांगितले आहे. दोघांना पुरेल एवढा वेळ राखून ठेवावा, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
एक निवृत्त शिक्षिका, इचलकरंजी