अनोळखी माणसासाठी भेट निवडताना

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्यांचे दिवस जवळ आले की कार्यालयांत, वाचक मंडळांत आणि पत्रमैत्रीच्या गटांत चिठ्ठ्या टाकून एकमेकांना छोटी भेट पाठवण्याचे ठरते, आणि पुष्कळदा आपल्या हाती आलेल्या चिठ्ठीवरचे नाव आपण कधीही न पाहिलेल्या माणसाचे असते. अशा वेळी ‘ओळखच नाही, तर काय देणार? पाठवून देऊ काहीतरी’ हे उद्गार सर्रास कानी पडतात. या ‘काहीतरी’बद्दल मला चार शब्द लिहायचे आहेत.

एका वाचक मंडळात ही देवाणघेवाण जुळवण्याचे काम मी काही वर्षे केले. सुरुवातीला आमच्या चिठ्ठीवर फक्त नाव आणि पत्ता असे, आणि त्यामुळे शोभेच्या वस्तू, सुगंधी मेणबत्त्या व चहाचे कप यांपलीकडे कोणाची मजल जात नसे. दम्याचा त्रास असलेल्या एका बाईंना त्या काळात अत्तराची कुपी मिळाली. त्यांनी पाठवणाऱ्याला आठवणीने आभाराचे पत्र लिहिले, कुपी मात्र न उघडताच दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकली, हे त्यांनी मला पुष्कळ दिवसांनी सांगितले तेव्हा मला फार वाईट वाटले. कारण अत्तर पाठवणाऱ्याने मनापासूनच पाठवले होते, विचारायचे राहून गेले होते ते आमच्याकडून.

पुढच्या वर्षी आम्ही चिठ्ठीवर तीन प्रश्न वाढवले: मोकळा वेळ कशात जातो, रोजच्या वापरातली कोणती वस्तू मनासारखी मिळत नाही, आणि काय मुळीच चालत नाही. एका सदस्याने ‘मी डावखुरा आहे, कागदाचे कातरकाम करतो’ एवढेच लिहिले होते, आणि ज्यांच्याकडे ती चिठ्ठी गेली त्यांनी बरीच शोधाशोध करून डावखुऱ्यांसाठी बनवलेली कात्री पाठवली. नेहमीची कात्री डाव्या हातात धरली की कापायची रेघ वरच्या पात्याआड जाते आणि बोटांच्या दाबाने पाती एकमेकांपासून दूर सरकतात. डावखुऱ्यांच्या कात्रीत पात्यांची मांडणीच उलटी असते. आयुष्यात पहिल्यांदा रेघ डोळ्यांना दिसत असताना कागद कापला, असे त्या सदस्याने कळवले. वस्तू अगदी लहान होती, पण ती त्याच्यावाचून दुसऱ्या कोणासाठी असूच शकली नसती.

विचारले तर भेटीतले नवल जाते, असा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. तो मला पटत नाही. जेफ गॅलक, ज्युलियन गिवी आणि एलनॉर विल्यम्स या संशोधकांनी २०१६ मध्ये या विषयावरील अभ्यासांचा आढावा घेताना दाखवून दिले आहे की देणाऱ्याचे लक्ष वेष्टन उघडण्याच्या क्षणावर असते, तर घेणारा त्या वस्तूचा पुढे किती उपयोग होईल हे पाहतो. देणारा एका क्षणाचे नवल जपू पाहतो, आणि घेणाऱ्याला त्या वस्तूबरोबर कित्येक महिने काढायचे असतात.

अनोळखी माणसांचा विचार करता येतो याचा एक मोठा दाखला पहिल्या महायुद्धात सापडतो. १९१४ च्या नाताळात ब्रिटनची १७ वर्षांची राजकन्या मेरी हिच्या नावाने निधी उभारून सैनिकांना आणि नौसैनिकांना पितळी डब्या पाठवण्यात आल्या. नाताळपर्यंतच साडेतीन लाखांहून अधिक डब्या पोहोचल्या होत्या, म्हणजे घेणाऱ्यांची व्यक्तिगत ओळख असण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही सर्वांना एकच भेट गेली नाही. धूम्रपान करणाऱ्यांना तंबाखू आणि सिगारेटी मिळाल्या, न करणाऱ्यांना कागद, पाकिटे आणि पेन्सिल असलेला लेखनसंच मिळाला, आणि शीख सैनिकांना तंबाखू निषिद्ध असल्याने त्यांच्या डबीत खडीसाखर आणि मसाले ठेवण्यात आले. त्या लेखनसंचाचे मला विशेष वाटते. खंदकात बसलेल्या माणसाला घरी पत्र लिहायचे असेल, हे ओळखायला त्याचे नाव ठाऊक असण्याची गरज नव्हती. लाखो डब्यांच्या बाबतीत जे जमले, ते एका चिठ्ठीच्या बाबतीत जमू नये असे काय आहे?

निवडीबाबत माझा अनुभव सांगते. मापाचे कपडे, तीव्र वासाच्या वस्तू, धर्माशी निगडित चिन्हे आणि ‘स्वतःला सुधारा’ असे सुचवणारी पुस्तके अनोळखी माणसाला पाठवू नयेत. वापरून संपणारी वस्तू बहुधा बरी, कारण ती कोणाच्या घरात कायमची जागा अडवत नाही. भेट परदेशी जाणार असेल तर थोडी अधिक चौकशी करावी: अत्तरासारखे ज्वालाग्राही द्रव हवाई टपालाने पाठवता येत नाहीत, आणि बागकामाची आवड असलेल्या माणसाला हौसेने पाठवलेले बियाणे वनस्पती-आरोग्याच्या प्रमाणपत्राअभावी सीमेवरच अडवले जाऊ शकते. सोबत हाताने लिहिलेल्या दोन ओळी मात्र असाव्यात, आणि त्यांत ही वस्तू का निवडली ते सांगावे. ‘आपण कातरकाम करता असे वाचले, म्हणून’ इतके पुरते. त्या ‘म्हणून’मुळे घेणाऱ्याला कळते की कोणीतरी आपली चिठ्ठी लक्ष देऊन वाचली.

यंदा ज्यांच्यावर अशी देवाणघेवाण जुळवण्याची जबाबदारी आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की चिठ्ठीवर नावाखाली तीन ओळींची जागा सोडावी आणि ती भरून आल्याशिवाय चिठ्ठी पुढे देऊ नये. कोणी ‘काहीही चालेल’ असे लिहिले तर त्यांना एकदा पुन्हा विचारावे. आमच्याकडे दुसऱ्यांदा विचारल्यावर जवळजवळ प्रत्येकाने काही ना काही सांगितलेच.

आपली नम्र,
एक वाचक