बोगद्यापाशी संपणारा रस्ता

शार्लट, नॉर्थ कॅरोलायना

ती. बाबा आणि आईस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगायला घेतलं होतं, पण बाबांना निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं आई "जेवलीस का?" विचारून तोडते. म्हणून कागदावर. अक्षर मोठं काढलंय, भिंग लागणार नाही.

मागच्या रविवारी मी इथून पश्चिमेला तीन-साडेतीन तासांवर, स्वेन काउंटीत गेले होते. काउंटी म्हणजे आपला तालुका समजा. ब्रायसन सिटी हे तिथलं मुख्य गाव. नावात सिटी, पण आपल्या मेढ्यापेक्षाही लहान. ऑफिसातल्या एका बाईंचं आजोळ तिथलं. त्यांनी बोलावलं, "आमच्या म्हाताऱ्यांच्या कबरी साफ करायला जातोय, चल." मी कोयना धरणग्रस्तांची नात आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

तिथे लिटल टेनेसी नदीवर फोंटाना धरण आहे. ४८० फूट उंच. दुसऱ्या महायुद्धात विमानांना ॲल्युमिनियम हवं होतं आणि ॲल्युमिनियमला वीज. १९४२च्या जानेवारीत काम सुरू झालं, दिवसरात्र तीन पाळ्यांत चाललं आणि १९४४च्या नोव्हेंबरात पाणी अडवलंसुद्धा. त्यातली वीज ओक रिजलाही गेली, जिथे अणुबाँबसाठी युरेनियम तयार होत होतं. गाव सोडणाऱ्यांना हे कुठून कळणार? त्यांना एवढंच सांगितलेलं की लढाईसाठी जागा हवी आहे. कित्येक घरांतली पोरं त्याच लढाईवर गेलेली, आणि मागे म्हातारी माणसं सामान बांधत होती.

साधारण १३०० कुटुंबं उठली. जमिनीचा भाव सरकारी माणूस सांगेल तोच, घासाघीस नाही. जमिनीला जमीन हा विषयच नव्हता. पैसे घ्या आणि आपलं आपण बघा. बाबा, आबांना मिळालेला सोलापूरकडचा तो खडकाळ माळ आठवून मी मनात म्हटलं, आपल्याला निदान माळ तरी मिळाला. मग वाटलं, ही कसली बरोबरी करत बसलेय मी!

पण खरी गोष्ट पुढेच आहे. तलावाच्या उत्तरेकडची बरीच गावं उंचावर होती, ती बुडणारच नव्हती. बुडत होता त्यांना जोडणारा एकुलता रस्ता. युद्धाच्या दिवसांत नवा रस्ता करायला ना माणसं, ना सामान. मग हिशेब असा केला की रस्त्यापेक्षा गावंच विकत घेतलेली स्वस्त. ती ४४,००० एकर जमीन घेऊन ग्रेट स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्कला जोडून टाकली. बदल्यात १९४३च्या जुलैमध्ये करार झाला की लढाई संपली की त्या बाजूने नवा रस्ता करून देऊ. खाली अट होतीच, काँग्रेसने, म्हणजे त्यांच्या संसदेने, पैसा मंजूर केला तर. गंमत म्हणजे, बुडालेल्या रस्त्याच्या कर्जाचे हप्ते काउंटी पुढेही कितीतरी वर्षं भरत होती.

साठच्या दशकात रस्ता निघाला. ब्रायसन सिटीकडून सहा-सात मैल झाला, शेवटी डोंगरात १२०० फुटांचा बोगदा खोदला आणि काम थांबलं. खडक फोडला की त्यातून आम्लाचं पाणी ओढ्यात उतरतं, हे कारण. कारण खरंच आहे, मी ते नाकारत नाही. तरीपण तो बोगदा बघाच तुम्ही एकदा. आत दिवा नाही. मोबाइलच्या उजेडात चालत गेले, पाय आपटला की आवाज घुमत परत येतो, आणि पलीकडे बाहेर पडलं की गाडीरस्ता नाही, जंगलातली पायवाट. त्या रस्त्यावर गावकऱ्यांनी पाटी लावलीय, "कुठेही न जाणाऱ्या रस्त्यावर स्वागत. मोडलेलं वचन. १९४३ ते ?" ते प्रश्नचिन्ह मला फार आवडलं.

शेवटी २०१० साली तडजोड झाली. रस्ता नाही, त्याऐवजी काउंटीला ५ कोटी २० लाख डॉलर. शेवटचा मोठा हप्ता २०१८ला आला. मुद्दल ठेवीत आहे, व्याज काउंटी वापरते. बाईंना विचारलं, समाधान झालं का? त्या म्हणाल्या, "पैसा काउंटीला मिळाला. माझ्या आईची माणसं पलीकडे आहेत."

पलीकडे दोन डझनांहून जास्त दफनभूमी राहिल्या आहेत. १९७८ पासून पार्कवाले उन्हाळ्यात ठरलेल्या रविवारी वारसांना बोटीने नेतात, पुढे चढाला गाडी देतात. आम्ही गेलो तेव्हा चाळीसेक माणसं होती. एक नव्वदीच्या आजी खुर्चीसकट उचलून नेल्या. वर पोचल्यावर कुणी काही बोललं नाही, सगळे कामाला लागले. कबरीवरचं गवत काढून माती उंच ओढायची, वरून प्लास्टिकची फुलं खोचायची. काही ठिकाणी नाव नाही, नुसता नदीतला दगड उभा केलेला. मग एक गाणं, थोडी प्रार्थना, आणि झाडाखाली लांब टेबलावर डबे उघडले. तळलेलं चिकन, घेवडा, मक्याचा पाव. मी थालीपीठं नेली होती, ती त्या नव्वदीच्या आजींनी दोन खाल्ली.

त्याच डोंगरांतून १८३८मध्ये चेरोकी लोकांना, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांना, सैन्य लावून हुसकलं होतं, पार मिसिसिपीपलीकडे. थोडे लपून राहिले, त्यांचे वंशज अजून तिथे आहेत. म्हणजे ही जमीनही आधी कुणाची तरी होतीच. परत येताना बोटीत मी हे काढलं. बाई बराच वेळ पाण्याकडे बघत बसल्या, मग म्हणाल्या, "हो, तेही आहेच." हिवाळ्यात पाणी सोडलं की जुन्या घरांचे चौथरे वर येतात, असं त्यांनीच पुढे सांगितलं.

बाबा, कोयनेच्या शिवसागराचं पाणी उतरलं की आपल्या देवळाचा चौथरा दिसतो म्हणून आबा तापोळ्याहून लाँचने जायचे, तेव्हा तुम्ही कधी त्यांच्याबरोबर गेलात का? मी कधी विचारलंच नाही. देवी वर आणली, माणसं उठून गेली, एवढंच मला माहीत आहे. घर कुठल्या अंगाला होतं, ओढा कुठून यायचा, काही म्हणजे काही माहीत नाही. तिथल्या प्रत्येक घरात हाताने काढलेला नकाशा आहे. चूल कुठे, खुराडं कुठे, सगळं त्यात.

तर एक काम करा. कॅलेंडरचं जुनं पान घ्या, मागच्या कोऱ्या बाजूला काढा. रेघा वाकड्या आल्या तरी चालेल. उंबर डाव्या हाताला होता असं तुम्ही म्हणता, आबा उजव्या म्हणायचे. दोन्हीकडे काढून ठेवा. आई, तू त्याचा फोटो काढ, पण पान टाकू नकोस, दिवाळीत मी घ्यायला येतेय.

तुमची,
ताई